बुरशी आटोक्यात, तरी उंदीर का दगावतो?

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे: "फुफ्फुसातील बुरशीसंसर्गावरचे शोधनिबंध वाचताना काही प्रयोगांत उंदरांच्या फुफ्फुसात बुरशी कमी आढळते, तरी ते दगावतात, काही प्रयोगांत बुरशी भरपूर असूनही ते बराच काळ व्यवस्थित श्वास घेतात. मग मारते कोण, बुरशी की प्रतिकारशक्ती? प्रतिकारशक्तीच घातक ठरत असेल, तर ती दाबणारी औषधे देणे योग्य का? आमची निफाडला कांद्याची चाळ आहे आणि चाळ फोडताना वडिलांना दरवर्षी खोकल्याची ढास लागते, त्याचाही याच्याशी काही संबंध असेल का?"

मी विकृतिशास्त्राचे काम करते. आधी प्रयोगशाळेतील उंदरांच्या फुफ्फुसांच्या आणि आता नाशिकमध्ये रुग्णांच्या बायोप्सीच्या स्लाइड पाहत आले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. उत्तर असे की बुरशीही मारते आणि प्रतिकारसंस्थाही मारते. कोणाचा वाटा किती, हे त्या प्राण्याच्या प्रतिकारसंस्थेत नेमके काय कमी झाले आहे आणि काय शाबूत आहे यावर ठरते. फुफ्फुसातील बुरशीचे प्रमाण ही एक गोष्ट आणि फुफ्फुसाची झालेली हानी ही दुसरी, त्या स्वतंत्रपणे मोजल्याखेरीज मृत्यूचे कारण सांगता येत नाही. १९९९ साली आर्तुरो कासादेव्हाल आणि लिझ-अ‍ॅन पिरोफ्स्की यांनी संसर्गरोगांची मांडणीच या दृष्टीने केली. रोग म्हणजे यजमानाला (ज्याला संसर्ग झाला त्याला) झालेली हानी, ती जंतूमुळे होते तशी यजमानाच्या प्रतिसादामुळेही होते, आणि प्रतिसाद फार दुबळा असला काय किंवा फार तीव्र असला काय, दोन्ही टोकांना हानी वाढते, असे त्यांचे म्हणणे आहे. फुफ्फुसातील बुरशीइतकी या मांडणीची चांगली उदाहरणे मला दुसऱ्या कोणत्या आजारात दिसलेली नाहीत.

निरोगी फुफ्फुसात काय घडते ते आधी पाहू. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू (तिच्या बियांसारख्या पेशी) दोन ते तीन मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे थेट वायुकोशापर्यंत पोहोचतील इतके बारीक असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. सुप्त बीजाणूवर रॉड-ए नावाच्या जलविरोधी प्रथिनाचे आवरण असते आणि ते आवरण असेपर्यंत प्रतिकारसंस्था त्याची फारशी दखल घेत नाही, हे २००९ साली सिद्ध झाले. बीजाणू ओलावा शोषून फुगू लागला की हे आवरण सुटते, भित्तिकेतील बीटा-ग्लुकान ही साखळीदार शर्करा उघडी पडते, पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही त्याला ओळखतो आणि मग मॅक्रोफेज (फुफ्फुसातच राहणाऱ्या, जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि न्यूट्रोफिल (रक्तातून धावून येणाऱ्या श्वेतपेशी) कामाला लागतात. प्रत्येक बीजाणूवर तुटून पडण्याऐवजी केवळ उगवू लागलेल्या बीजाणूवर हल्ला करण्याची ही व्यवस्था नसती, तर आपल्या फुफ्फुसांत कायम दाह राहिला असता. वायुकोशातील हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच जाड असतो, आणि न्यूट्रोफिल ज्या विकरांनी (एन्झाइमनी) व ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंनी बुरशी मारतात त्यांना बुरशीची भित्तिका आणि हा पडदा यांत भेद करता येत नाही. अपायाचे मूळ येथे आहे.

तुमच्या प्रश्नातील विरोधाभासाचे सर्वांत स्वच्छ उत्तर २००५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील व्हिव्हियान बॅलॉय, मिशेल शिन्यार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी उंदरांचे दोन गट केले. एका गटाला केमोथेरपीचे औषध देऊन न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीसे केले, दुसऱ्याला स्टिरॉइड दिले, आणि दोन्ही गटांच्या श्वसनमार्गात अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू सोडले. दोन्ही गटांतले उंदीर दगावले, पण मरण एकसारखे नव्हते. अशा दोन गटांच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्या तर नवशिक्यालाही फरक कळतो. केमोथेरपीच्या गटात ग्रोकॉटच्या चांदीच्या रंजनावर (बुरशी काळी रंगवणाऱ्या पद्धतीत), फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर काळे, साधारण ४५ अंशांत दुभंगणारे तंतू ठळक उठून दिसतात. ते रक्तवाहिनीच्या भिंतीतून आरपार गेलेले असतात, वाहिनीत गुठळी असते, पलीकडची ऊती मेलेली असते आणि एवढ्या बुरशीभोवती श्वेतपेशी मात्र तुरळक असतात. स्टिरॉइडच्या गटात त्याच रंजनावर बुरशी शोधावी लागते. एखाद्या श्वासनलिकेच्या कडेला तंतूंचे लहानसे पुंजके सापडतात. पण हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाइड लावली की श्वासनलिकांभोवती न्यूट्रोफिलचे दाट थर, पूने भरलेले वायुकोश आणि विरघळत चाललेल्या भिंती दिसतात. पहिल्या गटाला बुरशीने मारले. दुसऱ्या गटात बुरशी निमित्त ठरली आणि फुफ्फुस दाहाने निकामी झाले.

येथे एक शंका हमखास येते. स्टिरॉइड तर दाह कमी करणारे औषध, मग त्याच गटात दाह जास्त कसा? स्टिरॉइडमुळे वायुकोशातील मॅक्रोफेज बीजाणू गिळतात, पण ते मारण्याची त्यांची क्षमता घटते, म्हणून बीजाणू उगवून तंतू तयार होतात. मॅक्रोफेज बीजाणूंचा आणि न्यूट्रोफिल तंतूंचा बंदोबस्त करतात, ही कामाची विभागणी १९८२ सालीच उंदरांत दाखवली गेली होती. पहिली फळी फसल्यावर दुसरी फळी मोठ्या संख्येने येते. स्टिरॉइडने न्यूट्रोफिलची संख्या कमी होत नाही, उलट त्यांचे आयुष्य लांबते. म्हणजे मारण्याचे काम अर्धवट, पण गर्दी पूर्ण, अशी अवस्था होते. दाह कमी करणारे औषध चुकीच्या टप्प्यावर दिल्यास दाहाचे कारणच वाढवून ठेवते, हे या प्रयोगातून मी शिकले आणि रुग्णांचे अहवाल लिहिताना ते सतत डोळ्यांपुढे असते.

बुरशी अजिबात जिवंत नसतानाही हानी होऊ शकते का? होते. त्याचे उदाहरण क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजाराच्या उंदरांत मिळते. या आजारात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेजमधील नॅडपीएच ऑक्सिडेज हे विकर काम करत नाही, त्यामुळे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होत नाहीत आणि मुलांना अ‍ॅस्परजिलसचा संसर्ग वारंवार होतो. जंतू मारता येत नाहीत म्हणून दाह रेंगाळतो, असे पूर्वी मानले जाई. १९९७ साली या आजाराच्या उंदरांना निर्जंतुक केलेले, म्हणजे पूर्णपणे मेलेले अ‍ॅस्परजिलसचे तंतू दिले गेले, तेव्हा सामान्य उंदरांत थोड्या काळात निवळणारा दाह या उंदरांत टिकून राहिला आणि त्याच्या गाठी बनल्या. मारायला काही शिल्लक नव्हते, तरीही दाह थांबला नाही. पुढे २०१० साली याच विकाराच्या उंदरांच्या फुफ्फुसात यीस्टच्या भित्तिकेपासून बनवलेला झायमोसॅन हा निर्जीव पदार्थ टाकूनही तसाच अतिरेकी प्रतिसाद मिळाला. याचा अर्थ नॅडपीएच ऑक्सिडेज जंतू मारण्याबरोबरच दाह आवरण्याचेही काम करते, आणि ते नसले की प्रतिकारसंस्थेला थांबण्याचा संकेत मिळत नाही.

हा भाग मी एवढ्या विस्ताराने लिहिते, कारण त्याचा रुग्णांशी थेट संबंध आहे. या आजाराच्या व्यक्तींनी कुजलेला पालापाचोळा किंवा कंपोस्ट उकरले, तर एकाच वेळी प्रचंड बीजाणू फुफ्फुसात जाऊन काही दिवसांत श्वास अपुरा पडू लागतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी २००७ साली अशा रुग्णांचे वर्णन केले आणि त्यांना बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइड दिल्याने उपयोग होतो असे नोंदवले. बुरशीच्या गंभीर संसर्गात स्टिरॉइड देणे एरवी धाडसाचे वाटेल, पण येथे हानी मुख्यतः दाहाची असल्यामुळे ते तर्काला धरून आहे. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागांसाठी शेणखत आणि कंपोस्ट घरोघरी हाताळले जाते. ज्या घरात असे निदान झालेले मूल आहे तेथे खताचा ढीग हलवताना ते मूल आसपास असू नये, हे पालकांना स्पष्टपणे सांगायला हवे.

याच आजाराबाबत उंदरांवरच्या निष्कर्षाला मर्यादा कशी पडते तेही पाहा. २००८ साली इटलीतील पेरुजा येथील लुइजिना रोमानी यांच्या गटाने दाखवले की या उंदरांत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन नीट होत नाही, त्यामुळे इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनाच्या मार्गाने दाह बेफाम होतो आणि विघटनातला पुढचा पदार्थ बाहेरून दिल्यास तो आवरतो. स्पष्टीकरण देखणे होते. पण नंतर रुग्णांच्या पेशी तपासल्या तेव्हा माणसात ट्रिप्टोफॅनचे हे विघटन शाबूत असल्याचे आढळले. उंदरातील निरीक्षण त्यामुळे खोटे ठरत नाही; माणसाच्या पेशीत मात्र तो दुवा नाही. तसेच, दाह जास्त आहे म्हणून या आजाराच्या काही रुग्णांना आतड्याच्या दाहासाठी टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारी औषधे दिली गेली तेव्हा गंभीर संसर्ग झाले. दाह घटवताना संरक्षणाचा कोणता भाग आपण काढून घेत आहोत, हे आधी ठरवावेच लागते.

भरपूर बुरशी असूनही उंदीर नीट श्वास घेतो, हे तुमचे दुसरे निरीक्षण न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसात वाढणाऱ्या बुरशीच्या प्रयोगांशी जुळते. रॉचेस्टर विद्यापीठातील गटाने १९९९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला सांगते. ज्या उंदरांत टी आणि बी पेशी (जंतू नेमका ओळखणाऱ्या श्वेतपेशी) मुळातच नसतात अशा उंदरांना न्यूमोसिस्टिसचा संसर्ग होऊ दिला. फुफ्फुसात बुरशी होती, पण रक्तातील ऑक्सिजन आणि फुफ्फुसाची लवचिकता दोन्ही सामान्य राहिली. तेवढाच संसर्ग असलेल्या त्यांच्याच भावंडांना प्रतिकारपेशी दिल्या, तेव्हा तीव्र दाह उसळला, ऑक्सिजन घटला, फुफ्फुस ताठर झाले आणि संसर्ग निवळू लागल्यावर कार्य पुन्हा सुधारले. त्याच संशोधनात आणखी एक बारकावा आहे. केवळ सीडी-४ पेशी (इतर पेशींना दिशा देणाऱ्या टी पेशी) काढलेल्या उंदरांची फुफ्फुसे गंभीर जखमी झाली, पण सीडी-४ आणि सीडी-८ (मारक टी पेशी) दोन्ही काढलेल्यांत संसर्ग असूनही इजेच्या खुणा दिसल्या नाहीत. म्हणजे नियंत्रण करणाऱ्या पेशी गेल्यावर मागे राहिलेल्या सीडी-८ पेशी संसर्ग तर हटवू शकल्या नाहीतच, शिवाय फुफ्फुसाला बाधक ठरल्या असाव्यात. प्रतिकारशक्ती कमी झाली की केवळ संरक्षण घटते असे आपण समजतो. येथे ती अर्धी गेली तेव्हा नुकसान जास्त झाले आणि जवळजवळ सगळी गेली तेव्हा कमी.

रुग्णालयात याचे प्रत्यंतर त्याआधीच आले होते. एचआयव्हीबाधितांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला आणि उपचार सुरू केले, की मरणाऱ्या बुरशीमुळे दाह वाढून पहिल्या काही दिवसांत अनेकांची प्रकृती खालावत असे. १९९० साली तज्ज्ञांच्या सहमतीने ठरले की धमनीतील ऑक्सिजनचा दाब ७० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा कमी असेल, तर बुरशीविरोधी औषधाबरोबरच प्रेडनिसोन हे स्टिरॉइड २१ दिवस उतरत्या मात्रेत द्यावे. सुरुवात दिवसातून दोनदा ४० मिलिग्रॅमने. बुरशीला मारणारे औषध आणि दाह आवरणारे औषध एकत्र, सुरुवातीपासून आणि ठरावीक मुदतीपुरते, हे त्यातले सार आहे. आजही हाच प्रघात आहे.

क्रिप्टोकॉकस या यीस्टरूपी बुरशीच्या बाबतीत अपाय प्रतिसादाच्या प्रकारामुळे होतो. ५२-डी या वाणाचे यीस्ट सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या उंदरांच्या फुफ्फुसात सोडले, तर त्यांच्यात टीएच-२ प्रकारचा, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या वळणाचा प्रतिसाद तयार होतो. इंटरल्युकिन-४ आणि १३ वाढतात, इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या श्वेतपेशी) गोळा होतात आणि मॅक्रोफेज अशा अवस्थेत जातात की त्यांच्या पोटातच यीस्ट सुखाने वाढते. या उंदरांच्या फुफ्फुसाच्या स्लाइडवर मॅक्रोफेजमध्ये लांब, टोकदार, गुलाबी स्फटिक दिसतात, आणि इतके स्फटिक पाहून एखादा नवा विद्यार्थी त्यांना माणसातील शार्को-लायडन स्फटिक म्हणून मोकळा होतो. ते तसे नसतात. शार्को-लायडन स्फटिक गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात आणि उंदरात त्या प्रथिनाचे जनुकच नाही; उंदरातील स्फटिक वायएम-१ या वेगळ्या प्रथिनाचे असतात. नोंदवहीत हा फरक न लिहिल्यास पुढे माणसाशी तुलना करताना चूक होते, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

क्रिप्टोकॉकस फुफ्फुसातून शिरतो, पण मारतो बहुधा मेंदूत, आणि तेथील दोन चाचण्या तुमच्या "दाबावे का" या प्रश्नाचे उत्तर देतात. २०१४ साली युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील १७७ रुग्णांच्या अभ्यासात मेंदूज्वराचे निदान झाल्यावर एक ते दोन आठवड्यांत एचआयव्हीची औषधे सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण २६ आठवड्यांत दगावले, तर ती औषधे सुमारे पाच आठवड्यांनी सुरू केलेल्यांपैकी ३० टक्के. प्रतिकारशक्ती परत आणण्याची घाई बाधली, हे येथपर्यंत आपल्या विषयाशी जुळते. मग स्टिरॉइड द्यावे का? आशिया आणि आफ्रिकेतील ४५१ रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन देऊन पाहिले. त्या गटात मेंदूपाण्यातील बुरशी हळू घटली, अपंगत्व आणि दुष्परिणाम वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. न्यूमोसिस्टिसमध्ये तारणारे औषध क्रिप्टोकॉकसमध्ये घातक ठरले. म्हणून "बुरशीच्या संसर्गात स्टिरॉइड चांगले की वाईट" हा प्रश्न असा विचारताच येत नाही. कोणती बुरशी, कोणता रुग्ण, कोणता टप्पा आणि सोबत कोणते बुरशीनाशक, हे सांगितले तरच त्याला उत्तर असते.

इंटरल्युकिन-१७ विषयी तुमच्या वाचनात परस्परविरोधी निबंध येतील. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात हा मार्ग दाह वाढवून बुरशीविरुद्धचा प्रतिकार बिघडवतो असे म्हटले. २००९ साली दुसऱ्या गटाने डेक्टिन-१ मुळे तयार होणारे इंटरल्युकिन-१७ फुफ्फुसाला वाचवते असे दाखवले. दोघांचे उंदीर, बीजाणूंची मात्रा, बुरशीचे वाण आणि नमुना घेण्याची वेळ यांची तुलना केल्याशिवाय कोणा एकाची बाजू घेऊ नका. केवळ वाणाचाच फरक पाहा: सीईए-१० हे अ‍ॅस्परजिलसचे वाण उंदराच्या फुफ्फुसात एएफ-२९३ पेक्षा लवकर उगवते आणि वेगळ्या प्रकारचा दाह उठवते.

आपल्या गावाने हा विषय २०२१ च्या उन्हाळ्यात फार जवळून पाहिला. कोविडनंतरच्या म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) त्या लाटेत माझ्याकडे आलेल्या नाकातल्या आणि सायनसमधल्या नमुन्यांत रुंद, पट्टीसारखे, पडदे नसलेले तंतू रक्तवाहिन्यांत घुसलेले दिसत. अनेक रुग्णांना मधुमेह होता आणि स्टिरॉइड दिले गेले होते. उंदरांत म्युकर वाढवायचे असेल, तर संशोधक नेमके हेच करतात: औषधाने मधुमेह आणि रक्तातील आम्लता निर्माण करतात किंवा स्टिरॉइड टोचतात. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत, याला भक्कम आधार होता. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना, जास्त मात्रेत आणि साखर न तपासता ते दिले गेले, तेव्हा प्रयोगशाळेतला तो उंदीर आपण माणसात तयार केला. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते, कारण त्यांतले कित्येक तरुण होते.

आता तुमच्या वडिलांविषयी. कांद्याच्या सालीखाली जी काळी पूड दिसते ती बहुतांशी अ‍ॅस्परजिलस नायजरच्या बीजाणूंची असते आणि चाळ फोडताना ती धुळीबरोबर भरपूर उडते. निरोगी माणसात त्यातून संसर्ग होण्याची शक्यता फार कमी. पण अपायकारक प्रतिसादाच्या दोन शक्यता पाहाव्या लागतात. एक म्हणजे दमा असलेल्यांत बुरशीची अ‍ॅलर्जी, जिचे तीव्र रूप अ‍ॅलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस होय. त्यासाठी फ्युमिगेटसविरुद्धचे आयजीई (अ‍ॅलर्जीतले प्रतिपिंड) आणि एकूण आयजीई तपासतात. एकूण आयजीईची निदानाची मर्यादा आधी १००० होती, २०२४ च्या सुधारित निकषांत ती ५०० युनिट प्रति मिलिलिटर झाली. या आजारावर चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत १३१ रुग्णांवर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आपल्या चर्चेला फार उपयोगी आहे. एका गटाला प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिसाद दाबणारे औषध, आणि दुसऱ्याला इट्राकोनॅझोल, म्हणजे बुरशी घटवणारे औषध दिले. पहिल्या गटात सर्वांना आणि दुसऱ्या गटात ८८ टक्क्यांना गुण आला, दुष्परिणाम मात्र दुसऱ्या गटात कमी होते. प्रतिजन घटवा किंवा प्रतिसाद घटवा, एकाच दोरीची ही दोन टोके आहेत. दुसरी शक्यता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची, ज्यात संसर्ग नसतो, केवळ वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय धुळीविरुद्ध फुफ्फुसात दाह होतो. धुळीत काम केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, कणकण आणि धाप ही तिची खूण. भारतातील १,०८४ रुग्णांच्या २०१७ च्या नोंदणीत फुफ्फुसाच्या अंतराली आजारांत (वायुकोशांमधल्या भिंतींच्या आजारांत) हाच आजार ४७.३ टक्के, म्हणजे सर्वांत जास्त निघाला आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी एअर कूलर होते, म्हणून घरच्या कूलरच्या जाळ्याही पाहा. वडिलांना छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन स्पायरोमेट्री (श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी), छातीचा एक्स-रे आणि पूर्वी क्षयरोग झाला असल्यास त्याची माहिती, एवढे आधी करा. चाळीत काम करताना एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा, आणि खोकला थांबतो म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. क्षय असेल तर त्या तो भडकवतील.

शेवटी तुमच्या वाचनाची आणि पुढे प्रयोग कराल त्याची पद्धत. "बुरशी कमी आढळली" असे लिहिलेले असेल, तर ती कशी मोजली ते पाहा. फुफ्फुस वाटून प्लेटवर वसाहती मोजण्याची पद्धत यीस्टसाठी चांगली आहे, पण तंतूंसाठी दिशाभूल करते; तंतू कितीही लांब असला तरी त्याची एकच वसाहत उगवते आणि जोराने वाटल्यास तंतू फुटून एकही उगवत नाही. त्यामुळे तंतुमय बुरशीसाठी डीएनएचे प्रमाण मोजणारी पीसीआर चाचणी आणि स्लाइड दोन्ही हव्यात. हानी मोजायला फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील अल्ब्युमिन (रक्तातून गळून आलेले प्रथिन) आणि एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर पडणारे विकर) पाहावे, शक्य असेल तेथे लवचिकता आणि ऑक्सिजन. केवळ न्यूट्रोफिल वाढले म्हणजे हानी झाली असे धरू नये, कारण पहिल्या काही तासांतले न्यूट्रोफिल जीव वाचवतात. २४ तासांचा आणि ७२ तासांचा नमुना वेगळी गोष्ट सांगतो. मृत्यू होईपर्यंत थांबणे हेही मोजमाप नव्हे. वजन आणि शरीराचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की उंदराला वेदनारहित मरण द्यावे. प्राण्यांच्या कायद्याला आणि आपल्या मनाला ते धरून आहेच, शिवाय मरणोत्तर कुजलेल्या फुफ्फुसातून खात्रीचे काही कळतही नाही.

माणसाशी तुलना करताना काही फरक मनात ठेवा. उंदराच्या रक्तात न्यूट्रोफिल साधारण १० ते २५ टक्के, माणसात ५० ते ७० टक्के. न्यूट्रोफिलना बोलावणारे इंटरल्युकिन-८ उंदरात नाही, त्याचे काम दुसरी प्रथिने करतात. प्रयोगात एका वेळी लाखो बीजाणू नाकात टाकतात, तेवढे आपण एका श्वासात कधीच घेत नाही. शिवाय निर्जंतुक घरात वाढलेल्या उंदराची प्रतिकारसंस्था नवजात बालकासारखी असते आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या साध्या उंदरांसोबत ठेवल्यावर ती प्रौढ माणसाच्या जवळ जाते, हे २०१६ साली दिसून आले. मी स्वतः एखाद्या निष्कर्षावर विश्वास टाकण्यापूर्वी तो उंदरांच्या दोन जातींत आणि बुरशीच्या दोन वाणांत टिकतो का, हे पाहते.

तुमच्या प्रबंधात प्रयोग करणार असाल, तर जिवंत बीजाणूंच्या गटाबरोबर उष्णतेने मारलेल्या, पण आधी फुगवून बीटा-ग्लुकान उघडे केलेल्या बीजाणूंचा एक गट अवश्य ठेवा. त्या गटातही वजन घटले आणि धुतलेल्या द्रवात अल्ब्युमिन वाढले, तर तेवढी हानी जिवंत बुरशीशिवायच झाली आहे हे इतर कोणत्याही चाचणीआधी तुमच्या हाती येईल, आणि जिवंत गटातल्या हानीतून ती वजा करता येईल.